नाचणीतली चौऱ्याऐंशी अंडी

नामक्कल,
७ नोव्हेंबर २०२३

प्रिय पूंगोडी,

आपल्या प्रतिपिंडाचं इतिहासपत्रक मी काल सकाळी उतरवायला घेतलं. पाच रकाने तासाभरात झाले. सहाव्या रकान्यापाशी अडले, आणि आजही तिथंच अडून बसले आहे. म्हणून हे पत्र. फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मला जे सांगायचं असतं ते राहून जातं.

सहावा रकाना असा आहे: साठवणुकीत थंडावा तुटला असल्यास तारीख, कारण आणि जबाबदार व्यक्ती. एकोणतीस वर्षांत असं एकदाच घडलं. त्याची नोंद सहाव्या वहीत, पान एकशे बारावर, माझ्याच अक्षरात आहे आणि ती खोटी आहे. ती जशीच्या तशी उतरवून खाली सही केली की काम झालं. कोइमतूरच्या संस्थेत कुणी विचारणार नाही. पण ते पत्रक प्रतिपिंडाबरोबर कायम राहणार, आणि प्रतिपिंड माझ्यापेक्षा जास्त जगणार. इथली प्रयोगशाळा बंद होते आहे, आणि शुक्रवारी तू ते संस्थेतर्फे माझ्या हातून घेणार आहेस. आपण कशावर सही करतो आहोत हे तुला आधी ठाऊक असायला हवं. हे वाचून माझ्या हातून घ्यायची इच्छा राहिली नाही, तर तसं कळव. संस्थेच्या गाडीबरोबर जो माणूस येईल त्याच्या हाती मी सगळं देईन आणि घरी जाईन. प्रतिपिंडाची पुढची जबाबदारी तुझीच राहील. ते ठरलेलं आहे, त्यात बदल नाही.

आधी इथलं सांगते, नाहीतर तुझं लक्ष लागणार नाही. बाराही कोंबड्या ठीक आहेत. एकोणिसाव्या क्रमांकाची पिसं टाकायला लागली आहे, पण अंडी अजून थांबलेली नाहीत. प्रयोगशाळा चालवणाऱ्या न्यासाचे लोक गेल्या आठवड्यात मोजपट्टी घेऊन आले होते. दिवाळीनंतर इथं कोंबडीखाद्याचं गोदाम होणार. त्यातला एकजण माझ्या खुर्चीत बसून विचारत होता की टेबलं विकायची आहेत का. मी म्हटलं, टेबलं विकायची आहेत, खुर्ची नाही, उठा. दसऱ्याआधीची यंत्रांची आयुधपूजा यंदा मी आणि वॉचमन सेल्लमुत्तू अशा दोघांनीच केली. फ्रीझर चालू असतानाच त्याला गंधकुंकू लावलं. तू लावलेली चिकटपट्टी प्लगवर अजून तशीच आहे. ‘प्रत्यक्ष सामी आला तरी काढायचं नाही.’ तू नोकरीला लागलीस त्या पहिल्याच दिवशी तू ती चिकटवलीस आणि सगळे हसले. मी हसले नव्हते. का हसले नाही ते आज सांगते.

तुला हे काम तयार झालेलं मिळालं. ते कसं उभं राहिलं ते तुकड्यातुकड्यांनी तू ऐकलं आहेस, पण सरळ कधी नाही. मी कोइमतूरला एम.एस्सी. करून परत आले तेव्हा आमच्या घरात लॉऱ्या होत्या आणि शिकलेली बाई नव्हती. माझे मामा जेवताना म्हणाले, ‘इतकं शिकून ही काय करणार, अंडी घालणार?’ सगळी पंगत हसली. पुढं वीस वर्षांनी मी त्यांना निरोप पाठवला की मामा, घालत नाही, पण घालून घेते. ते तेव्हा कित्येक वर्षं कंबर मोडून अंथरुणात होते. हाडं वाळक्या काटकीसारखी झाली होती, आणि झाली आहेत हे कंबर मोडेपर्यंत कुणाला कळलं नव्हतं. मला या कामाकडे ढकललं ते त्यांनीच, असं म्हणायला हरकत नाही.

हाडातलं ते प्रथिन, ऑस्टिओकॅल्सिन, रक्तात किती उतरतं ते मोजता आलं, तर हाड आत काय करतं आहे ते ते मोडण्याआधी कळतं. मोजायचं तर त्याला ओळखणारं प्रतिपिंड हवं. ते परदेशातून बर्फात मागवावं लागे आणि विमानतळावरच पाणी होऊन जाई. आम्ही सशांवर प्रयत्न केला. सशाचं स्वतःचं ते प्रथिन माणसाच्या प्रथिनासारखंच असतं, त्यामुळे त्याला ते फारसं परकं वाटत नाही आणि तो मनावर घेत नाही. मग मी म्हटलं, कोंबडी आपल्यापासून पुष्कळ दूरची आहे, ती मनावर घेईल. आणि अंड्यांचं गाव असलेल्या नामक्कलमध्ये बसून सशांच्या मागं लागायचं हा शुद्ध वेडेपणा होता.

सेलमच्या इस्पितळातून खुब्याच्या शस्त्रक्रियेत काढून टाकलेली हाडं यायची. ती दळून, धुऊन, गाळून त्यातलं प्रथिन वेगळं करायला मला दोन वर्षं लागली. कोंबड्यांच्या शेडवर तेव्हा तुझी आई, मारायी, होती. मी तिला समजावून सांगितलं की हे कोंबडीच्या छातीत टोचलं की ती त्याला ओळखणारा पहारेकरी तयार करते आणि तो अंड्याच्या बलकात ठेवून देते. मारायी म्हणाली, ‘म्हणजे पिल्लाची शिदोरी. आईनं बाहेर जे जे पाहिलं, ते बांधून दिलं.’ मी पाच वर्षं विद्यापीठात जे शिकले ते तिनं एका वाक्यात सांगितलं. तेव्हा मी तिला फक्त ‘हं’ म्हटलं.

मी तिला शेडमधून आत टेबलाशी आणलं ते तिच्या हातांमुळे. बलक काढायचा म्हणजे अंडं फोडून, पांढरं निथळून, बलक गाळणकागदावरून असा लोळवायचा की पांढऱ्याचा अंश राहू नये आणि पडदा फाटू नये. माझे दहातले चार फुटायचे. पदवीधर मुलं ठेवली, त्यांचे सहा. मारायीचे शंभरात दोन. ती बलकाशी बोलायची. ‘लोळ बाई, लोळ, सासरी चाललीस.’ हा हात तुला तिच्याकडून आला आहे, मी शिकवलेला नाही. पाहुण्यांना मी ‘मी हिला शिकवलं’ असं सांगत आले आणि तू मान खाली घालून ऐकत आलीस. तेही इथं दुरुस्त करते.

आता पान एकशे बारा. एकोणीसशे नव्व्याण्णवची आयुधपूजा. कोंबड्यांची पहिली तुकडी सप्टेंबरमध्ये संपली होती. शुद्ध केलेलं प्रतिपिंड आणि प्रथिनाचा सगळा साठा एका फ्रीझरमध्ये होता. ‘एका’ या शब्दाखाली रेघ मार. तीही चूक माझीच होती. त्याआधीच्या पूजेत कुणीतरी पाणी तापवायचं विजेचं भांडं चालू ठेवून गेलं आणि ते जळलं, म्हणून मी त्या वर्षी सूचना लावली होती: सुट्टीत एकही यंत्र चालू राहता कामा नये. शनिवारी सगळी साफसफाई झाली. तराजू, सूक्ष्मदर्शक, फिरकीयंत्र, सगळ्यांना गंध लागलं, चुरमुरे आणि डाळं वाटलं, दारात कोहळा फोडला. मला चार वाजताची इरोडची बस गाठायची होती. मारायी एकेक बटण बंद करत फ्रीझरपाशी आली, थांबली आणि मला हाक मारून म्हणाली, ‘अम्मा, हाही?’

मी पिशवी खांद्याला लावत होते. मी म्हटलं, ‘सगळं म्हटलं ना? फ्रीझरचा देव वेगळा आहे का? यंत्रांना विश्रांती म्हणजे सगळ्या यंत्रांना विश्रांती. प्रत्येक गोष्ट विचारून विचारून करू नकोस.’ आणि मी बस पकडली.

तिनं विचारलं होतं. हे वाक्य मी चोवीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.

बुधवारी सकाळी दार उघडलं तेव्हा जमिनीवर पाणी होतं आणि वास होता. साडेतीन दिवस. ऑक्टोबरातसुद्धा आपल्याकडे दुपारी काय असतं ते तुला सांगायला नको. प्रतिपिंड दह्याच्या निवळीसारखं गढूळ झालं होतं आणि प्रथिनाचे तुकडे झाले होते. पाच वर्षांचं काम मी झाडूनं बाहेर काढलं असतं तरी चाललं असतं. न्यासाचे सचिव चेन्नियप्पन तासाभरात आले. त्यांनी दारातूनच विचारलं, ‘प्लग कुणी काढला?’ मारायी झाडू घेऊन भिंतीशी उभी होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. परीक्षेत शेजारची मुलगी उत्तर लिहिते की नाही ते बघावं, तसं. मी म्हटलं, ‘मारायीनं.’ ते खोटं नव्हतं, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल. सचिव तिला म्हणाले, ‘तुला डोकं आहे की कोंबडीचं बसवलंय?’ ती म्हणाली, ‘चुकलं सामी.’ एवढंच. एक वाक्य तिच्याजवळ होतं आणि ते तिनं काढलं नाही.

मी वहीत लिहिलं: ‘कामगाराच्या अज्ञानामुळे.’ खाली तिचं नाव. सचिवांनी ठरवलं की ती शेडवर राहील, पण प्रयोगशाळेच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही. मी विरोध केला नाही. उलट तो कागद मीच टाइप केला, कारण इथं टाइप करता येणारी मीच होते.

आठ दिवसांनी ती मागच्या खिडकीशी आली. हातात एक मडकं, पायाशी दुसरं. मडक्यांच्या तोंडाला फडकं बांधलेलं. म्हणाली, ‘अम्मा, चोर म्हणणार नसाल तर देते.’ आत नाचणी होती, आणि नाचणीत निमुळतं टोक खाली करून, तिळाचं तेल चोळून ठेवलेली अंडी. दोन मडक्यांत मिळून चौऱ्याऐंशी. प्रत्येकावर पेन्सिलीनं कोंबडीचा क्रमांक आणि तारीख, मी घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे. तुकडीची शेवटच्या तीन आठवड्यांतली अंडी. टोचलेल्या कोंबड्यांची अंडी बाजारात जाऊ शकत नाहीत आणि फ्रीझर भरलेला होता, म्हणून मी तिला ती खड्ड्यात पुरायला सांगितलं होतं. पुरल्याची तोंडी खबरही तिनं मला दिली होती.

मी विचारलं, ‘पुरली नाहीस?’ ती म्हणाली, ‘अंडं पुरतात होय अम्मा? या गावात?’ मग म्हणाली, ‘खाल्लं नाही कुणी. माझ्या पोरीनं एकाला हात लावला, तिला चापट मारली.’ ती चापट तुला आठवत असेल. तू नववीत होतीस. आईनं का मारलं हे तुला कुणी सांगितलं नसणार.

आठ दिवस ती का थांबली हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं. बंद करायला सांगितलं ते बंद केलं म्हणून एक शिक्षा झाली होती; पुरायला सांगितलं ते पुरलं नाही म्हणून दुसरी होईल असं तिला वाटलं असणार. ती तरीही आली. तिनं ज्या एका गोष्टीत माझं ऐकलं तिच्यात माझं सगळं गेलं, आणि ज्या एका गोष्टीत ऐकलं नाही तिच्यात सगळं वाचलं. इतकी वर्षं लोकांना शिस्त शिकवणाऱ्या बाईला हे वाक्य लिहायला सोपं नाही.

चौऱ्याऐंशीपैकी एकसष्ट चांगली निघाली. बलकातलं प्रतिपिंड जसंच्या तसं होतं. कवचाच्या आत, तेलाखाली, नाचणीच्या गारव्यात कोंबडीनं बांधलेली शिदोरी सुटली नव्हती. त्या एकसष्ट अंड्यांतून प्रतिपिंड काढलं, त्याच प्रतिपिंडानं नव्या हाडांतून प्रथिन ओढून काढलं, ते नव्या कोंबड्यांना टोचलं. आज फ्रीझरमध्ये जे आहे ते सगळं त्या दोन मडक्यांचं वंशज आहे. आणि वहीत मी काय लिहिलं? ‘शिल्लक साठ्यातून पुनर्प्राप्त.’ साठा म्हणे. तो तुमच्या चुलीशेजारचा कोपरा होता.

त्यानंतर पंधरा वर्षं तिनं अंड्यांचे ट्रे खिडकीतून आत दिले. आपल्या गावात कुणाला दारातून आणि कुणाला खिडकीतून, याचा अर्थ काय होतो ते मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी वरच्या जातीतल्या, लॉरीवाल्या गौंडरांच्या घरातली, तिच्यापेक्षा एका वर्षानं लहान, आणि तिला कायम ‘मारायी, ए’ म्हणत आले. सचिव बदलले, तो कागद कुणाला आठवतही नव्हता. एका सहीनं बंदी उठली असती. पण उठवायची तर कारण लिहावं लागलं असतं. म्हणून ती राहिली.

मग दोन हजार सहा साली तू मुलाखतीला आलीस. रसायनशास्त्रात पहिला वर्ग, इस्त्रीची साडी, आणि टाचेला शेडची माती. नवे सचिव म्हणाले, ‘मारायीची मुलगी? ती फ्रीझरवाली मारायी?’ तू म्हणालीस, ‘हो, तीच. म्हणून मला फ्रीझरजवळचंच टेबल द्या.’ मी तुला ताबडतोब घेतलं. लोकांना वाटलं, तिलकवतीला मुलगी आवडली. आवडली होतीच. पण त्या दिवसापासून खिडकीबाहेर आई आणि आत मुलगी असा देखावा रोज सकाळी सात वाजता माझ्यासमोर घडायला लागला. तू विचारायचीस, ‘किती?’ ती सांगायची, ‘अठ्ठावीस. एक मऊ कवचाचं. ते तुझ्या मॅडमना आधी दाखव, नाहीतर म्हणतील मी खाल्लं.’ ती हे मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. तेवढा सूड तिनं घेतला, आणि तो मला पुरत नव्हता.

तुझ्याबद्दल मी तोंडावर कधी चांगलं बोलले नाही. माझ्या शिस्तीत ते बसत नाही. पण पत्रात लिहायला हरकत नाही. गाईच्या प्रथिनाच्या नळीतून आपलं प्रतिपिंड गाळायची कल्पना तुझी होती. गाईला जे चिकटेल ते नळीत राहील, आणि बाहेर येईल ते फक्त माणसाला ओळखेल. मी म्हटलं होतं, निम्मं वाया जाईल. तू म्हणालीस, ‘जाऊ दे मॅडम, उरेल ते खोटं बोलणार नाही.’ पुढच्या वर्षी दिल्लीहून तपासणीसाठी वीस बंद नमुने आले. चौदाव्याला आपलं प्रतिपिंड काहीच दाखवेना. बाकी सगळ्या प्रयोगशाळांनी आकडे पाठवले होते. मी घाबरून म्हटलं, पुन्हा कर. तू तीनदा केलंस आणि मग रकान्यात आकड्याऐवजी लिहिलंस: ‘हा नमुना माणसाचा नाही.’ मी सही करायला दोन दिवस घेतले. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. चौदावा गाईचा होता, मुद्दाम घातलेला, आणि तो ओळखणारी देशात एकच जागा निघाली. त्या संध्याकाळी मी बाजारातून पाव किलो म्हैसूरपाक आणला आणि तुला सांगितलं की घरी पाहुणे येणार आहेत, थोडा उरला, खा. पाहुणे कुणी नव्हते.

इतकं सरळ बोलणारं प्रतिपिंड आपण दोघींनी बनवलं, आणि त्याच्याच वहीत खोटं. हे मला काल सकाळी पहिल्यांदा कळलं असं नाही. काल फक्त ते दुसऱ्यांदा लिहायची वेळ आली.

तुझी आई गेल्या वर्षी अंगणात पडली आणि खुबा बदलावा लागला, तेव्हा सेलमच्या डॉक्टरांनी काढलेलं हाड तू बर्फात घालून आणलंस. संमतीपत्राशिवाय मी ते दारातून आत घेऊ दिलं नाही. तू चिडलीस, म्हणालीस, ‘मॅडम, आईचं आहे.’ मी म्हटलं, आईचं आहे म्हणूनच. तू परत गेलीस आणि तिची सही घेऊन आलीस. त्या सहीबरोबर तिनं पाठवलेला निरोप तू मला हसत हसत दिला होतास: ‘अम्मांना सांग, मी नाही आत येत, पण हाड चाललंय, आणि त्याच फ्रीझरमध्ये चाललंय. आता तरी प्लग नीट बघा म्हणावं.’ तुला तो विनोद वाटला. मी माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. नमुना एकशे अठरा. त्याच्यापासून निघालेलं प्रथिन आपण आजवर काढलेल्यांत सगळ्यांत शुद्ध निघालं. यापुढं कोइमतूरला जे जे मोजलं जाईल ते त्याच्याशी ताडून मोजलं जाईल. तिनं वाढवलेल्या कोंबड्यांचं प्रतिपिंड तिच्याच हाडाला ओळखतं, आणि तिला मात्र या खोलीत पाऊल टाकायला जागा नव्हती. ते हाड दळणाऱ्या यंत्रात तू स्वतः घातलंस आणि नमुन्याचा क्रमांक नीट लिहिलास. मी लक्ष ठेवून होते. मला तेव्हा तुझा जो अभिमान वाटला तो मी कुठल्याही वहीत लिहू शकत नाही, म्हणून इथं लिहिते.

आज सकाळी मी पान एकशे बारा दुरुस्त केलं. जुनी ओळ खोडलेली नाही, तिच्यावर एकच रेघ मारली आहे, म्हणजे खालचं वाचता येतं. तुला मी तसंच शिकवलं. बाजूला लिहिलं आहे: ‘बंद केला: मारायी, विचारून. सांगितलं: तिलकवती. साठा नव्हता, पुरण्याचा हुकूम न मानता श्रीमती मारायी यांनी घरी जपलेली अंडी होती.’ तारीख, सही. इतिहासपत्रकाचा सहावा रकाना तसाच भरला आहे.

हे सगळं तुला लिहिलं, पण खरं तर हे पत्र तुझ्यासाठी नाही. तुझ्या आईला एवढं लांबलचक लिहिलेलं वाचवत नाही आणि माझ्या तोंडून हे तिच्यासमोर निघणार नाही. मी रोज सकाळी सात वाजता पंधरा वर्षं प्रयत्न करून पाहिलेला आहे. तू गुरुवारी रात्री घरी येशील. शुक्रवारी सकाळी निघण्याआधी हे तिला पहिल्या ओळीपासून वाचून दाखव. मध्ये काही गाळू नकोस, माझी बाजू घेऊ नकोस. मग ती येते म्हणाली तर तिला घेऊन ये. सुपूर्दीच्या नोंदीवर साक्षीदाराची जागा मी रिकामी ठेवली आहे. काठी घेऊन तीन पायऱ्या चढाव्या लागतील, सेल्लमुत्तूला मी दाराशी थांबायला सांगितलं आहे. दाराशी. मागची खिडकी मी आज खिळे ठोकून बंद केली. ती येत नाही म्हणाली, तर तेही बरोबर आहे, आणि मग साक्षीदाराची जागा रिकामीच जाईल. दुसऱ्या कुणाची सही मी तिथं घेणार नाही.

तुझीच, आणि शुक्रवारपर्यंत तुझ्या चुका काढायचा हक्क असलेली,
तिलकवती

सुपूर्दीची नोंद
शुक्रवार, १० नोव्हेंबर २०२३, सकाळी साडेदहा

शुद्ध प्रतिपिंड, बर्फात, ४६ कुप्या. प्रमाण प्रथिन, नमुना ११८ पासून, ९ कुप्या. गाळणनळी, गाईच्या प्रथिनाची, १. टोचलेल्या लेगहॉर्न कोंबड्या, पायात क्रमांक असलेल्या, १२. त्यांची अंडी, क्रमांक व तारखेसह, ३१. पैकी एक मऊ कवचाचं, साक्षीदारानं सर्वांना दाखवून बाजूला ठेवलं. नोंदवह्या १९, सहाव्या वहीतलं पान ११२ दुरुस्त, दुरुस्ती साक्षीदाराला वाचून दाखवली. इतिहासपत्रक, सहा रकाने, पूर्ण. मातीची मडकी २, श्रीमती मारायी यांची, चोवीस वर्षांनी परत.

देणार: तिलकवती.
घेणार: पूंगोडी, देणारीच्या हातून.
साक्षीदार: मारायी. सही आत, टेबलाशी खुर्चीत बसून.

शेरा: सर्व माल गाडीत चढल्यावर रिकामा फ्रीझर १०.५० वाजता बंद केला. बंद करण्यापूर्वी विचारलं. बंद केला: मारायी. सांगितलं: तिलकवती.